गाडी नसताना गोव्याचा समुद्र: बसने एका दिवसाची स्वस्त सहल

गोव्यात नोकरीला किंवा शिकायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो: गाडी घे, गाडीशिवाय इथं काही खरं नाही. रोजच्या धावपळीपुरतं ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जायला गाडी लागत नाही. फर्मागुडीला वसतिगृहात राहणारी मुलं, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले सिंधुदुर्गातले, बेळगावचे, कोल्हापूरचे तरुण, म्हापशात दुकानांवर काम करणारी माणसं समुद्रापासून तास-दीड तासावर महिनोन् महिने राहतात आणि समुद्र बघतात तो फोनवर. भाड्याची दुचाकी परवडत नाही, टॅक्सीचं तर नावच काढायला नको, आणि बसचं काही कळत नाही. यातलं बसचं एकदा नीट कळलं की बाकी दोन्हींवाचून काही अडत नाही.

परतीपासून सुरुवात करा

नवखा माणूस आधी किनारा निवडतो. नाव ऐकलेलं असतं, फोटो पाहिलेले असतात, म्हणून तिथं जायचं ठरतं आणि परत कसं यायचं हे संध्याकाळी बघितलं जातं. बसने जाणाऱ्याने हे उलट करायचं असतं. आधी आपल्या घरी पोहोचवणारी शेवटची बस कुठून आणि किती वाजता सुटते ते शोधायचं, आणि तिला धरून मागे मागे येत किनारा ठरवायचा.

समजा तुम्ही फोंड्याला राहता आणि हरमलला सूर्यास्त बघायचाय. हरमलहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून फोंडा अशा तीन बसगाड्या झाल्या. पणजीला फोंड्याची बस निवांत मिळावी म्हणून साडेसातच्या आत पोहोचायचं, तर म्हापसा पावणेसातला सोडायला हवा. पर्वरीच्या रस्त्यावर कोंडी ठरलेलीच, तेव्हा साडेसहा धरा. म्हणजे हरमलहून पाचच्या सुमारास निघावं लागेल. डिसेंबरात इथं सूर्य सहाच्या आसपास बुडतो. तुमचा सूर्यास्त शिवोलीच्या पुलावर, बसच्या खिडकीतून होणार. तोही वाईट नसतो, पण ज्यासाठी गेलात ते राहून गेलं. त्याच फोंड्याहून कोलव्याला जाणं कितीतरी सोपं आहे, कारण मध्ये एकच बदल आहे, मडगावचा. उलट म्हापशात राहणाऱ्याला हरमलचा सूर्यास्त सहज मिळतो आणि कोलवा लांब पडतो.

म्हणून नियम असा ठेवावा: एका बाजूला एकापेक्षा जास्त बदल नको. पणजीकरांना मिरामार, कांदोळी आणि कळंगुट. म्हापसेकरांना कळंगुट, मोरजी, मांद्रे, हरमल, केरी. फोंडा आणि मडगाववाल्यांना कोलवा, बाणावली. वास्कोवाल्यांना बोगमाळो. काणकोणचं पाळोळे मडगावहून एका बसने होतं, पण ती बस करमलचा घाट ओलांडून तासाच्या वर वेळ घेते आणि बहुतेक वेळा चावडीवर, म्हणजे काणकोणच्या बाजारपेठेत, सोडते. पुढचे दोन किलोमीटर चालायचे. दिवस मोकळा असेल तर जरूर जा, उपसागर शांत आहे.

सिंधुदुर्गातून एका दिवसासाठी येणाऱ्यांनाही हेच गणित लागू. सावंतवाडीहून एसटी किंवा कदंबाने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, थेट म्हापसा गाठा. रेल्वेने आलात तर थिवीला उतरा, मडगावपर्यंत जाऊ नका.

रविवारचं गणित वेगळं

गोव्यातल्या आतल्या रस्त्यांवर खासगी बसगाड्या जास्त धावतात आणि त्यांची मिळकत नोकरदार आणि विद्यार्थ्यांवर असते. रविवारी हे दोघंही घरी, त्यामुळे बऱ्याच गाड्या फेऱ्या गाळतात. आठवडाभर एखाद्या थांब्यावर दर पंधरा मिनिटांनी बस येताना पाहिली म्हणून रविवारीही येईल असं धरू नका. शक्य असेल तर शनिवारी जा, किंवा आठवड्याची सुट्टी मधल्या वारी असेल तर ती सत्कारणी लावा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो. त्या दिवशी सकाळी म्हापशाकडे येणाऱ्या आणि दुपारी तिथून गावोगाव परतणाऱ्या बसगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. पेडण्याकडे, म्हणजे मोरजी, हरमल, केरीच्या बाजूला, जायचं तर शुक्रवार टाळलेला बरा.

बस कशी घ्यायची

पणजी, म्हापसा, मडगाव आणि वास्को या चार शहरांमध्ये कदंबाची शटल सेवा आहे. तिचं तिकीट गाडीत चढण्याआधी खिडकीवर घ्यायचं. रांग लांब दिसली तरी घाबरू नका, झपाझप सरकते. शटल मध्ये कुठं थांबत नाही आणि उभं राहून नेत नाही, त्यामुळे ज्याच्या हातात तिकीट त्याला जागा. मोठ्या शहरांमधला टप्पा शटलनेच करा, वीस-तीस मिनिटं वाचतात.

शहरापासून किनाऱ्यापर्यंतचा टप्पा मात्र खासगी बसचा. या गाड्या लहान असतात, पुढच्या काचेवर गावांची नावं रंगवलेली असतात आणि कंडक्टर दारात उभा राहून तीच नावं ओरडत असतो. नवख्याला ते ओरडणं सुरुवातीला समजत नाही, कारण नाव एका दमात चार वेळा येतं. पाटीही वाचा आणि चढताना विचाराही. मराठीत विचारलेलं सगळ्यांना कळतं. उत्तर कोकणीत येईल, तेही तुम्हाला कळेल. चढल्यावर दारातच थबकू नका, ‘फुडें सर, फुडें सर’ हे ऐकावंच लागतं, तर आधीच आत सरका. तिकिटाचे पैसे गाडी चालू झाल्यावर कंडक्टर मागतो. १०, २० आणि ५०च्या नोटा जवळ ठेवा. सकाळच्या पहिल्या फेरीला ५००ची नोट काढणं म्हणजे त्याचा दिवस बिघडवणं. बायकांसाठी राखीव आसनं असतात, तिथं बसलेल्या पुरुषाने बाई चढली की उठावं, तिने सांगायची वाट बघू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरताना त्याच कंडक्टरला विचारा, “दादा, परत यायला शेवटची बस किती वाजता?” वेळापत्रकाच्या कुठल्याही कागदापेक्षा हे उत्तर भरवशाचं, कारण बहुतेक वेळा ती शेवटची बस त्याचीच किंवा त्याच्या ओळखीच्याची असते. त्याने साडेसात सांगितलं तर तुम्ही सातची धरा. आज ती फेरी आहे ना, हेही विचारा. कधी कधी तो स्वतःच म्हणतो की आज ती गाडी नाही, सहालाच या.

तिथीवरून भरती-ओहोटी

समुद्रावर कधी पोहोचायचं हे घड्याळापेक्षा पाण्यावर ठरवावं. ओहोटीला ओली वाळू टणक होते, चालायला रस्ता मिळतो, मुलांना खेळायला जागा होते. भरतीला काही किनाऱ्यांवर पाणी थेट झाडांच्या मुळाशी येतं.

हे कळायला कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या वापरलेला सोपा हिशेब आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजची तिथी बघा, तिला तीनने गुणा आणि चाराने भागा. आलेली संख्या म्हणजे भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचार येतात, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या आसपास. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरेसं आहे. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली जातं, ओढही जास्त असते. लहान मुलं बरोबर असतील तर सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे दिवस चांगले.

पहिली सहल: कोलवा ते बाणावली, वाळूवरून

पहिल्यांदाच जाणाऱ्याने ही करावी, असं माझं ठाम मत आहे. बस मुबलक, चुकायला जागा नाही, आणि एका किनाऱ्यावर उतरून दुसऱ्यावरून परतता येतं. दुचाकीवाल्याला हे जमत नाही, त्याला गाडी लावलेल्या जागी परत यावंच लागतं.

फोंड्याहून बोरीच्या पुलावरून मडगावची बस पाऊण तासात कदंब स्थानकावर सोडते. तिथंच किंवा शहरात नगरपालिकेच्या बागेजवळ कोलव्याची बस मिळते. अंतर सहा-सात किलोमीटर, भाडं २० रुपयांच्या आसपास. बस किनाऱ्याच्या अगदी जवळच्या चौकापर्यंत जाते. ऑक्टोबरात कोलव्याच्या चर्चमध्ये मेनिन जेजूचा (बाळ येशूचा) फामा, म्हणजे मोठं फेस्त, असतं. त्या दिवशी दर्शनाला रांगा लागतात, रस्ते भरलेले असतात. गर्दी नको असेल तर तो दिवस टाळा, फेस्त बघायचं असेल तर मुद्दाम तोच धरा.

सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर कोलव्याला रापण ओढताना दिसू शकते. होडीने समुद्रात मोठा अर्धगोल टाकून सोडलेलं जाळं दोन्ही टोकांच्या दोरांनी वाळूवर ओढून आणतात. दोन्हीकडे माणसांच्या रांगा, दोर खांद्यावर किंवा कमरेला, पाय वाळूत रुतवून मागे मागे चालायचं. जो पाण्यापासून सगळ्यात लांब पोहोचतो तो दोर सोडतो आणि परत पाण्याच्या कडेला येऊन धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ येतात आणि शेवटी जाळ्याचं पोट कडेला लागतं. त्यात तारले, बांगडे, कधी नुसतीच बारीक मासळी आणि शेवाळ. बघा, पण दोर ओलांडू नका आणि जाळं वर आल्यावर मध्ये घुसून फोटो काढू नका. ती त्या माणसांची दिवसाची कमाई आहे, आणि यांत्रिक बोटींपुढे ही कमाई वर्षानुवर्षं घटत चालली आहे.

उत्तरेला वेळसांवपासून दक्षिणेला मोबोरपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर सलग वाळू आहे. कोलवा तिच्या मधोमध आहे. समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालायला लागा. दहा मिनिटांत गर्दी मागे पडते. पुढे ताडामाडांची रांग, पर्यटन हंगामात शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं), वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. पाऊण तासात बाणावली येते. परशुरामाने सह्याद्रीवरून सोडलेला बाण जिथं पडला ते हे गाव, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. अनवाणी चाललात तर ओल्या वाळूवरूनच चाला, मार्चनंतर कोरडी वाळू दुपारी पाय भाजते.

बाणावलीच्या किनाऱ्यावरून आत गावात मारिया हॉलच्या तिठ्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे. मडगावची बस तिथं मिळते. कोणालाही “मारिया हॉल” विचारा, रस्ता दाखवतील. अंधार पडायच्या आत तिठ्यावर या. फोंड्याहून फोंड्यापर्यंत या सगळ्या प्रवासाला माणशी शंभर-सव्वाशे रुपयांच्या वर लागत नाहीत.

दुसरी सहल: केरी आणि पलीकडचं तेरेखोल

हा गोव्याचा उत्तरेचा शेवट. म्हापशाहून बस शिवोलीला चापोरा नदीचा पूल ओलांडून पेडणे तालुक्यात शिरते, मग चोपडे, मांद्रे, हरमल करत केरीला पोहोचते. दीड तास धरा. भाडं एका बाजूला ५० रुपयांच्या आसपास.

इथं एक खबरदारी. गोव्यात केऱ्या तीन आहेत. एक ही पेडण्यातली, समुद्राची. दुसरी सत्तरीतली, चोर्ला घाटाच्या पायथ्याकडची. तिसरी फोंडा तालुक्यातली, विजयादुर्गेच्या देवळाची. काचेवर नुसतं ‘केरी’ असेल तर चढताना “हरमलवरून जाते ना?” एवढंच विचारा. हो म्हणाला तर बसा. थेट केरीच्या फेऱ्या हरमलच्या मानाने कमी आहेत. अर्धा तास थांबून मिळाली नाही तर हरमलची घ्या आणि पुढचे पाच-सहा किलोमीटर दुसऱ्या बसने किंवा पायलटने करा.

पायलट म्हणजे मोटरसायकलवरचा टॅक्सीवाला, पिवळा मडगार्ड असलेली दुचाकी. एकट्या माणसाला बसथांब्यापासून किनाऱ्यापर्यंतचा शेवटचा तुकडा पार करायला याच्याएवढी स्वस्त सोय दुसरी नाही. भाडं बसण्याआधी ठरवा आणि हेल्मेट मागून घ्या.

केरीचा किनारा सुरूच्या बनाचा. दुपारीही सावली मिळते, ही गोव्याच्या किनाऱ्यांवर दुर्मीळ गोष्ट. जवळच आजोबा देवस्थान आहे. समुद्राने गेल्या काही वर्षांत इथली वाळू बरीच खाल्ली आहे. भरतीला फिरायला फारशी जागा उरत नाही, तेव्हा तिथीचा हिशेब इथं खास उपयोगी. चादर टाकून बनात बसायचं, पाणी उतरलं की खाली जायचं. कुटुंबाला घेऊन जायला ही जागा हरमलपेक्षा मला जास्त आवडते.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल नदी समुद्राला मिळते आणि फेरीबोटीचा धक्का आहे. गोव्यात फेरीबोटीला पायी प्रवाशाकडून भाडं घेत नाहीत. चढायचं, कठड्याला टेकून उभं राहायचं, दहा मिनिटांत पलीकडे. बोटीच्या दोन्ही टोकांना फळ्या असतात. फळी काठाला टेकली की आधी गाड्या उतरतात, तोवर कडेला थांबा. मोठ्या ओहोटीला पाणी उथळ झालं की फेरी काही वेळ थांबू शकते, म्हणून जाताना धक्क्यावरच्या माणसाला परतीच्या वेळा विचारून घ्या. किनाऱ्यासाठी ओहोटी हवी आणि बोटीसाठी पाणी हवं, हा पेच सोडवायचा तर सकाळी आल्या आल्या तेरेखोल करून घ्या आणि दुपार केरीला ठेवा.

धक्क्यावरून किल्ला चढाच्या रस्त्याने अर्धा तास. सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. नदीच्या उत्तर काठावरचा हा चिमुकला तुकडा तेव्हापासून गोव्याचा, जमिनीच्या बाजूने भोवती सिंधुदुर्ग. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. आत जायला मिळो न मिळो, बाहेरून खाली नदीचं मुख, समोर केरीची वाळू आणि सुरूचं बन एका नजरेत दिसतं.

केरीहून परतीला पाचच्या आसपास निघा. सूर्यास्तच हवा असेल तर पाचच्या बसने हरमलला या. तिथून म्हापशाच्या फेऱ्या जास्त आहेत आणि उशिरापर्यंत आहेत. फक्त हरमलचा बसथांबा गावात आहे, किनाऱ्यापासून वीस मिनिटांच्या चालीवर, हे लक्षात ठेवून वाळूवरून उठा.

पाण्यात उतरताना

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक आहेत. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहापर्यंत त्यांचा पहारा असतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहायचा, लाल झेंडा असेल तिथं पाण्यात पाय घालायचा नाही. सहानंतर कितीही उजेड असला तरी पाण्यात जाऊ नका.

दरवर्षी माणसं बुडतात ती बहुतेक घाटावरून, शहरांतून आलेली, नदीत-विहिरीत पोहायला शिकलेली. समुद्राची ओढ त्यांना माहीत नसते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला एखादा अरुंद पट्टा शोधतं आणि त्यातून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तोच भाग शांत वाटतो आणि नवखा नेमका तिथंच उतरतो. दोन्हीकडे फेसाळ लाटा आणि मध्ये गढूळ, सपाट पाणी दिसलं तर तिथून दूर राहा. तरीही सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा, ओढीबाहेर पडल्यावर लाटांबरोबर आत या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि एक हात वर करून हलवा. केरीसारख्या नदीच्या मुखाशी तर मुळीच उतरू नका. ओहोटी आणि नदीचा प्रवाह तिथं एकाच दिशेने ओढतात.

दारू पिऊन पाण्यात जाणं हा उघड मूर्खपणा आहेच, पण २०१९ च्या कायदा दुरुस्तीपासून किनाऱ्यावर उघड्यावर पिणं आणि स्वयंपाक करणं यालाही दंड आहे. काचेची बाटली नेऊच नका. वाळूत फुटलेली काच वर्षानुवर्षं कोणाच्या तरी पायाची वाट बघत राहते.

खायचं कुठं

किनाऱ्यावर नाही, हे थोडक्यात उत्तर. शॅकवर बसायला छान वाटतं, पण एका माणसाच्या जेवणात तुमच्या सगळ्या दिवसाचा खर्च निघून जातो. नाश्ता निघायच्या शहरात करा. म्हापशात, मडगावात, पणजीत बसस्थानकाच्या आसपास कुठल्याही लहान हॉटेलात भाजी-पाव मिळतो. मुंबईची लोण्यातली पावभाजी डोळ्यांसमोर आणू नका. इथं पातळ भाजी, सुकी बटाट्याची भाजी किंवा दोन्ही मिसळून ‘मिक्स’ मागायची, बरोबर पाव आणि एक मिरची भजी. वर केळ्याचा गोडसर बन आणि चहा. शंभराच्या आत दोन वाजेपर्यंत भूक लागत नाही.

दुपारचं जेवण किनाऱ्याकडून गावाच्या दिशेने दहा मिनिटं चालून गेल्यावर जी साधी खाणावळ दिसेल तिथं. दुपारी साडेबारा ते दोन ही वेळ, नंतर मासे संपतात. थाळीत भात, हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा किंवा मोरी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), कधी तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. बसण्याआधी फळ्यावरचा भाव बघा, कारण थाळीचा एक आणि त्यावर मागवलेल्या इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीचा वेगळा असतो, आणि तुकडी थाळीपेक्षा महाग पडू शकते. शाकाहारी माणसाने किनारी गावात जास्त शोधाशोध करण्यापेक्षा पोळी-भाजीचा डबा आणावा. सकाळी पदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेल्या पोळ्या, म्हणजे इथले कोंड्याचे पोकळ पाव, दिवसभर चांगले राहतात.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, जुनी चादर, एक पंचा, कोरडे कपडे आणि ओले कपडे घालायला जाड प्लास्टिकची पिशवी. कोलवा, कळंगुटसारख्या मोठ्या किनाऱ्यांवर पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायच्या जागा आहेत. केरीला त्यांच्या भरवशावर राहू नका. ओल्या अंगाने आणि वाळूच्या पायांनी बसमध्ये चढू नका. त्या आसनावर तुमच्यानंतर कामावरून परतणारी कोणीतरी मावशी बसणार असते. निघायच्या अर्धा तास आधी पाण्याबाहेर या, वाळवा, झटका, मग चढा. कचरा घेऊन परत या, किनाऱ्यावरच्या कुंड्या दुपारीच भरून वाहतात. नोव्हेंबर ते मार्च मोरजी, मांद्रे भागात वाळूवर दोऱ्या आणि काठ्यांनी राखलेली चौकोनी जागा दिसली तर ती समुद्री कासवांची अंडी आहेत, लांबून बघा.

बस चुकली तर

आधी घाबरून टॅक्सीकडे धावू नका. थांब्यावरच्या दुकानात विचारा, अजून एखादी गाडी वरच्या गावाहून यायची असते. नसेल तर पायलटने जवळच्या मोठ्या रस्त्यापर्यंत जा, पूर्ण घरापर्यंत नाही. हमरस्त्यावर आंतरशहरी बस उशिरापर्यंत मिळते. चौघं असाल तर ॲपवरची टॅक्सी वाटून घेतली तर परवडते. ओला-उबेर इथं चालत नाहीत, गोवामाइल्स आहे, ते ॲप घरूनच उतरवून ठेवा. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर शेवटच्या बसची वाट बघूच नका, तिच्या आधीचीच घ्या.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर समुद्रात उतरणं नाही. जीवरक्षक असतात, पण ते तुम्हाला बाहेर ठेवायला. शॅक मोडलेले असतात, केरीसारख्या ठिकाणी पाणी बनात घुसतं. तरी पावसाळी समुद्र बघायची हौस असेल, आणि ती असावीच, तर पणजीहून मिरामार करा. दोनापावलाची शहरबस मिरामारच्या चौकात सोडते. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी तिथंच, मागे सुरूची झाडं आणि पुढे मांडवी समुद्राला मिळते ती तांबूस, खवळलेली जागा. वाळूवर पाण्याच्या कडेला न जाता झाडांच्या बाजूला उभं राहा. पाऊस वाढला तर परत चौकात या, पणजीची बस समोरच्याच बाजूने मिळते.